फताटेवाडीचा प्लांट आणि मामाचे आठ माग

मे महिन्यातली दुपार, तीनचा सुमार, बाहेर चव्वेचाळीस डिग्री, आणि मी मामाच्या कारखान्यात बसलेलो. कारखाना म्हंजे काय, सोलापूरच्या पूर्व भागातल्या गल्लीत खाली आठ माग आणि वर घर. टॉवेल निघतात. माग चालू असले की शेजारी बसलेल्याला पण ओरडून सांगावं लागतं, आणि तशात फटकन लाईट गेली. आठ माग एकदम गप्प. धोटा मध्येच अडकलेला, पंखा हळूहळू थांबत चाललेला, आणि मामा गळ्यातल्या टॉवेलानं मान पुसत माझ्याकडं बघायले.

"एवढा मोठा एनटीपीसी आणून ठेवलाय की फताटेवाडीत. आपल्या उजनीचं पाणी पितोय. आणि लाईट आपलीच जाते व्हय? तू डिप्लोमा करून काय केला बे?"

फताटेवाडी म्हंजे सोलापूरजवळचं गाव, तिथं एनटीपीसी या सरकारी कंपनीचा कोळशावरचा मोठा वीज प्लांट आहे, आणि उजनी म्हंजे आमचं धरण. आता मी इलेक्ट्रिकलवाला, पॅनल बसवतो, वायरिंग करतो, त्यामुळं घरात लाईट गेली की दोष माझाच असतो. पण खरं सांगू का, हा प्रश्न सोलापुरात मला निदान शंभर जणांनी विचारलाय, रिक्षावाल्यापासून बँकेतल्या साहेबापर्यंत. म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढावं, सरकारी वीज तयार करणारी कंपनी म्हंजे नक्की काय असते, ती कमावते कशावर, आणि आपल्या बिलात तिचा हात कुठवर आहे.

आधी लाईटचं. त्या दिवशी लाईट गेली ती गल्लीच्या तोंडाशी अकरा केव्हीच्या (अकरा हजार व्होल्टच्या) लाईनवर लिंबाची फांदी टेकली म्हणून. फिडर, म्हंजे आमच्या भागाला वीज देणारी लाईन, ट्रिप झाला, लाईनमन आला, फांदी तोडली, पाऊण तासात चालू. यात फताटेवाडीचा काही संबंध नाही. विहिरीला पाणी भरपूर आहे पण तुमच्या नळाचा वॉशर गेलाय, असा प्रकार. वीज तयार करणारे वेगळे, ती मोठ्या टॉवरवरून लांब नेणारे वेगळे, आणि डीपीवरून घरात देऊन बिल पाठवणारे वेगळे. आपल्याकडं पूर्वी हे सगळं एकच होतं, एमएसईबी, म्हंजे राज्याचं वीज बोर्ड, १९६० साली झालेलं. म्हातारी माणसं अजून "बोर्डाची लाईट"च म्हणतात. २००३ चा वीज कायदा आला आणि २००५ च्या जूनमध्ये बोर्डाची वाटणी झाली, तयार करायला महानिर्मिती, वाहून न्यायला महापारेषण, वाटायला महावितरण, आणि वर एक होल्डिंग कंपनी. भावाभावात वाटण्या होतात तशीच, चूल वेगळी पण उंबरा एक.

फताटेवाडीवाला यातला कुणीच नाही. तो दिल्लीचा. एनटीपीसी ही केंद्राची कंपनी, ७ नोव्हेंबर १९७५ ला स्थापन झालेली, कारण त्या काळात राज्यांच्या बोर्डांना विजेची भूक भागवता येईना, पैसा नाही, मोठे प्लांट उभारायची ताकद नाही. पहिला प्लांट सिंगरौलीला, कोळशाच्या खाणीच्या तोंडावरच, १९८२ ला पहिलं युनिट, म्हंजे वीज तयार करणारा पहिला संच, चालू. आज ग्रुपची सगळी क्षमता ८० हजार मेगावॅटच्या वर गेलीय. २००४ ला शेअर बाजारात आली, आता सरकारकडं ५१ टक्क्यांच्या आसपास शेअर आहेत, बाकी पब्लिकचे, म्युच्युअल फंडांचे, एलआयसीचे. म्हंजे तुमची एसआयपी चालू असेल तर कदाचित तुम्ही पण फताटेवाडीचे बारीकसे मालक असाल, मामाला हे सांगितलं तर म्हणाले, "मग मालकाच्या घरची लाईट कशी जाते?"

आपल्या प्लांटमध्ये दोन युनिट, प्रत्येकी ६६०, एकूण १३२० मेगावॅट. पहिलं २०१७ ला धंद्याला लागलं, दुसरं २०१९ ला. होटगीच्या अलीकडं-पलीकडं कुठनं पण जा, दिसतोच. पण तिथनं निघालेली वीज थेट सोलापूरला येत नाही. ती ४०० केव्हीवर चढते आणि देशाच्या ग्रिडमध्ये जाते, तिथनं महाराष्ट्राचा वाटा महाराष्ट्राला, मध्य प्रदेश, छत्तीसगड, गोवा वगैरेंचा त्यांना. कागदावर वाटा, बरं का. वायरीत वीज कुणाच्या नावाची पाटी घेऊन फिरत नाही, जिथं जवळ लोड, म्हंजे वापर, असेल तिथं ती आधी जाते, त्यामुळं खरं बघितलं तर या भागात वापर होतोच तिचा. हिशोब मात्र करारानं.

ग्रिड म्हंजे काय हे मामाला समजवायला मला जुनी मिल उपयोगी पडली. जुन्या काळी मागाला एकेक मोटर नव्हती, वर छताला एक लांबलचक शाफ्ट असायचा, इंजिन तो फिरवायचं आणि त्याच्यावरनं चामड्याचे पट्टे खाली येऊन सगळे माग चालायचे. एकाच वेळी जास्त माग लावले की शाफ्ट जड व्हायचा, सगळेच माग मंद. ग्रिड तसंच आहे, फक्त शाफ्ट काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत आहे आणि तो दिसत नाही. देशातली सगळी मोठी थर्मलची, म्हंजे कोळसा जाळून वाफेवर चालणारी, टर्बाईनं मिनिटाला ३००० फेऱ्यांनी एकाच तालात फिरतात, त्यालाच आपण पन्नास हर्ट्झ म्हणतो. लोड वाढला, वीज कमी पडली, की ताल पन्नासच्या खाली घसरतो, उलटं झालं की वर जातो. ४९.९० ते ५०.०५, एवढ्या चिंचोळ्या पट्ट्यात तो ठेवायचा असतो, आणि त्यासाठी ऐरोलीचं राज्याचं लोड डिस्पॅच सेंटर, मुंबईचं पश्चिम विभागाचं, दिल्लीचं देशाचं, हे चोवीस तास डोळे लावून बसलेले असतात.

आणि इथं सोलापूरची एक गोष्ट आहे जी सोलापूरकरांनाच माहीत नसते. हा अख्ख्या देशाचा एकच शाफ्ट पुरा झाला तो सोलापुरात. २०१३ पर्यंत दक्षिणेचं ग्रिड वेगळ्या तालावर चालायचं, बाकी देशाशी जोडलेलं होतं पण चंद्रपूर जिल्ह्यातल्या भद्रावतीसारख्या एचव्हीडीसीच्या (जास्त दाबाच्या डीसी करंटच्या) जोडणीनं, म्हंजे मध्ये गिअरबॉक्स टाकल्यासारखं, वीज पलीकडं जाईल पण ताल आपापला. ३१ डिसेंबर २०१३ ला रायचूर ते सोलापूर ७६५ केव्हीची लाईन चालू झाली आणि उत्तर-दक्षिण एकाच तालात आले. आपण त्या रात्री थर्टी फर्स्टच्या भानगडीत, आणि इकडं माळरानावर हे चाललेलं. त्याच्या दीडेक वर्ष आधी, २०१२ च्या जुलैमध्ये ३० आणि ३१ तारखेला, उत्तरेचं ग्रिड लागोपाठ दोनदा कोसळलं होतं, दुसऱ्या दिवशी पूर्व आणि ईशान्येचं पण त्याच्या बरोबर गेलं, साठ कोटींच्या वर लोक ज्या भागात राहतात तेवढा भाग अंधारात. एक शाफ्ट असल्याचा फायदा पण तोच आणि भीती पण तीच.

आता मुद्द्याचं, पैशाचं. इथंच लोकांचा सगळ्यात जास्त गोंधळ असतो.

वीज तयार करणारी कंपनी विजेची युनिटं विकून पैसे मिळवते असं आपल्याला वाटतं. दूधवाल्यासारखं, लिटर घातलं, पैसे घेतले. तसं नाहीये. तिला दोन प्रकारचे पैसे मिळतात. एक प्लांट तयार ठेवल्याचे आणि दुसरे वीज दिल्याचे. पहिल्याला म्हणतात कपॅसिटी चार्ज, यात प्लांटवरच्या कर्जाचं व्याज, घसारा, पगार, दुरुस्ती, आणि मालकानं घातलेल्या भांडवलावर ठरलेला परतावा. हा परतावा केंद्रीय वीज नियामक आयोग ठरवतो, थर्मलला साडेपंधरा टक्के. दुसरा एनर्जी चार्ज, यात मुख्य कोळसा.

आणि खरी गोम पुढं आहे. प्लांट वर्षभरात ८५ टक्के वेळ "मी तयार आहे" असं दाखवू शकला, तर कपॅसिटी चार्ज पूर्ण मिळतो. वीज कुणी घेवो न घेवो.

मामा ताडकन उठले. "म्हंजे बसून पगार?"

मी म्हटलं मामा, तुमचे माग बघा. लोन काढून माग घेतले, हप्ता दर महिन्याला जातो, माग चालू असो बंद असो. दोन कामगार आहेत, ऑर्डर नसली तरी त्यांना सोडता येत नाही, सोडले की शेजारचा उचलतो. हे झालं फिक्स. सूत मात्र जेवढं विणलं तेवढंच लागतं, ते झालं एनर्जी चार्ज. आता एखाद्या व्यापाऱ्यानं तुमच्याशी पंचवीस वर्षांचा लेखी करार केला की आठही माग माझ्यासाठी राखून ठेवा, मी मागीन तेव्हा माल द्या, तर माल मागितला नाही त्या महिन्याचा हप्ता कुणी भरायचा?

"व्यापाऱ्यानं," मामा लगेच म्हणाले. जरा थांबून म्हणाले, "असा व्यापारी कुठं भेटतो?"

तो व्यापारी म्हंजे महावितरणसारख्या वाटप कंपन्या, आणि त्यांच्या मागं आपण. तुमचं बिल काढा, नीट वाचा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार, इंधन समायोजन आकार, त्यावर वीज शुल्क. वीज आकार म्हंजे फक्त कोळसा आणि स्थिर आकार म्हंजे फक्त प्लांटचं भाडं असं सरळसोट नसतं, प्लांटच्या फिक्स पैशातला बराच भाग पण युनिटच्या दरातच मिसळलेला असतो. पण तत्त्व तेच. घर महिनाभर कुलूप लावून गेलात तरी स्थिर आकार येतो, तसाच फताटेवाडीचं युनिट बंद उभं असलं तरी त्याचा स्थिर आकार महाराष्ट्राला येतो.

मग युनिट बंद उभं का राहील? विजेची मागणी असताना?

कारण मेरिट ऑर्डर. रोज दुसऱ्या दिवसासाठी पंधरा-पंधरा मिनिटांचे ९६ तुकडे करून ठरतं कुणाकडनं किती वीज घ्यायची, आणि रांग लावली जाते ती फक्त एनर्जी चार्ज बघून, स्वस्त कोळशावाला पुढं, महाग मागं. फिक्स तर कुठनं पण द्यायचाच आहे ना, मग तो बघून उपयोग काय. सिंगरौलीसारखा प्लांट खाणीच्या तोंडावर, तिथं कोळसा पट्ट्यानं किंवा आपल्याच छोट्या रेल्वेनं येतो, वाहतुकीचा खर्च नसल्यात जमा. सोलापूरला आसपास कोळशाचा खडा पण नाही. तो लांबून मालगाडीनं येतो, आणि हजारेक किलोमीटर गाडी चालली की कोळशाच्या किमतीत रेल्वेचं भाडं मुरतं. समजा, नुसतं समजा बरं का, खाणीजवळच्या प्लांटचा कोळशाचा खर्च युनिटला दोन रुपये पडतो आणि इथला चार, तर रांगेत इथला मागं जाणार. तसंच झालं. चालू झाल्यावर सुरुवातीची काही वर्षं सोलापूरचा प्लांट बराच वेळ क्षमतेच्या खूप खाली चालला, कधी युनिट राखीव म्हणून बंद ठेवलं. पुढं देशाची मागणी वाढली तसा तो जास्त चालायला लागला, उन्हाळ्यात तर सगळेच लागतात.

आता कोळसा किती लागतो ते डोळ्यासमोर आणा. एका युनिट विजेला साधारण साडेसहाशे ग्रॅम कोळसा धरा. ६६० मेगावॅट पूर्ण ताकदीनं दिवसभर चाललं तर दहा हजार टन, दोन्ही चालली तर वीस हजार. मालगाडीची एक रेक म्हंजे अठ्ठावन्न-एकोणसाठ डबे, चार हजार टनाच्या आसपास. म्हंजे रोज पाच गाड्या, न चुकता, तेव्हा १३२० मेगावॅट. आपल्या देशी कोळशात तीस-चाळीस टक्के राख, म्हणून त्यातनं रोज सहा-सात हजार टन राख बाहेर पडणार, ती सिमेंटला, विटांना, रस्त्याच्या भरावाला पाठवत राहावी लागते, नाही उचलली तर डोंगर. आत हा कोळसा दळून अंगाला लावायच्या पावडरीएवढा बारीक करतात आणि भट्टीत फुंकतात. प्लांट सुपरक्रिटिकल आहे म्हणतात त्याचा अर्थ एवढाच, की पाण्यावरचा दाब हवेच्या सव्वादोनशे पट आणि त्याच्याही वर नेतात, तिथं पाणी उकळत नाही, बुडबुडे येत नाहीत, सरळ वाफेसारखं होऊन जातं. फायदा काय, तर तेवढ्याच कोळशात थोडी जास्त वीज. एवढं करून पण कोळशातली निम्म्याहून जास्त उष्णता वायाच जाते, आणि ती वाया गेलेली उष्णता थंड करायलाच पाणी लागतं.

पाण्याचं ऐका. मेगावॅट-तासाला, म्हंजे हजार युनिट विजेला, तीन हजार लिटर धरलं तर दोन्ही युनिटं फुल चालली की दिवसाला साडेनऊ कोटी लिटर. आख्ख्या शहराच्या पाण्याशी तुलना करावी असा आकडा आहे हा. आणि ते येतं उजनीतनं, शंभराच्या वर किलोमीटर पाईपनं. उजनीचं गणित सोलापूरकराला पाठ असतं, ६३ टीएमसीच्या (टीएमसी म्हंजे अब्ज घनफूट) वर मृतसाठा, त्यावर साडेत्रेपन्न टीएमसी जिवंत, आणि उन्हाळ्यात पेपरात "उजनी मायनसमध्ये" ही बातमी ठरलेली. ज्या गावात नळाला चार-चार दिवसाआड पाणी येतं तिथल्या माणसाला प्लांटचं पाणी डोळ्यात खुपणार, त्यात त्याचं चुकत नाही. माझं मत विचाराल तर कोळसा पण लांबून आणि पाणी पण लांबून, अशा जागी प्लांट उभा केला की तो जन्मभर महागच पडणार, आणि त्याचं बिल ज्यानं जागा निवडली त्याला येत नाही. पाणी नसलं की काय होतं ते परळीनं दाखवलंच, महानिर्मितीचा प्लांट, २०१३ च्या आणि २०१५ च्या दुष्काळात पाण्यावाचून बंद ठेवावा लागला. कोळसा होता, माणसं होती, टर्बाईन होतं, पाणी नव्हतं.

महानिर्मितीचा विषय निघालाच आहे तर अजून एक. चंद्रपूरला २९२० मेगावॅट, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, शिवाय जलसंपदा खात्याचा कोयनेचा पाण्यावरचा वीज प्रकल्प पण हीच चालवते. मग ही कंपनी कायम पैशाच्या ओढाताणीत का आणि एनटीपीसी तालेवार का? काम तर एकच. फरक गिऱ्हाईकात आहे. महानिर्मितीचं मुख्य गिऱ्हाईक महावितरण, म्हंजे सख्खा भाऊ. शेतीची बिलं थकली, वसुली झाली नाही, की महावितरण भावाला सांगतं, थांब जरा. घरातल्या घरात उधारी, वसूल कोण कुणाकडनं करणार. एनटीपीसीला मात्र राज्यांनी पैसे थकवले तर त्रिपक्षीय करार आहे, राज्य, केंद्र आणि रिझर्व्ह बँक, त्यात राज्याच्या खात्यातनं परस्पर पैसे वळते करायची सोय. २००२ च्या आसपास जुनी थकबाकी मिटवताना हे आलं. किराणावाल्याची उधारी राहते पण बँकेचा हप्ता राहत नाही, कारण बँक खात्यातनंच कापते, एवढं साधं आहे ते. म्हणून एनटीपीसीला कर्ज स्वस्तात मिळतं आणि ती वाढत जाते.

कोयनेचं थोडक्यात. १९६० मेगावॅट, आणि पाण्याचं टर्बाईन काही मिनिटांत चालू होतं. थर्मल थंड पडलं की परत तापवून ग्रिडला जोडायला कित्येक तास जातात. त्यामुळं संध्याकाळी सात वाजता सगळ्या महाराष्ट्रानं एकदम बटणं दाबली की कोयना धावत येते. पण तिला पण कृष्णेच्या पाणीवाटपाच्या लवादानं बांधलंय, पश्चिमेकडं वळवायला वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसी, जपून वापरावं लागतं.

आणि आता सोलार आलं. दुपारी सोलार एवढं येतं की थर्मलवाल्यांना सांगतात, खाली या, ५५ टक्क्यांवर या. सूर्य मावळला की परत चढा. बॉयलरला हे सोसत नाही, रोज तापव रोज थंड कर म्हटलं की नळ्यांना चिरा जातात. मग विचाराल, असे प्लांट बंदच का करत नाहीत? तर २०२१ चा ऑक्टोबर आठवा, देशभर कोळशाची टंचाई, प्लांटमध्ये दोन-चार दिवसांचा साठा, भारनियमनाच्या बातम्या. दक्षिण आफ्रिकेत एस्कॉम म्हणून सरकारी कंपनी आहे, १९२३ पासूनची, एकेकाळी जगात नाव होतं, पण वेळेवर नवीन प्लांट उभे केले नाहीत, जुन्यांची दुरुस्ती रेंगाळली, आणि २०२३ मध्ये तिथं लोकांना दिवसातले आठ-दहा तास सुद्धा अंधारात काढावे लागले. आपण पण पूर्वी कित्येक वर्षं भारनियमनाचं वेळापत्रक फ्रीजला चिकटवून जगलोय. मामाचे माग तेव्हा रात्री दोनला चालू व्हायचे, मी लहान होतो, त्या आवाजात झोपायची सवय झालेली. तेव्हा जास्तीचा प्लांट उभा असणं म्हंजे नुसता खर्च नाही. किती जास्तीचा आणि कुठं, हा वाद आहे आणि तो व्हायला पाहिजे.

एवढं सगळं बोलेपर्यंत लाईट आली, माग चालू झाले आणि आमचं बोलणं बंद झालं. मामानं ऐकलं किती आणि सोडलं किती कळायला मार्ग नव्हता.

कळलं ते पंधरा दिवसांनी. सीझन मंदा, आठातले तीन माग बंद, आणि नेहमीचा व्यापारी आलेला, मजुरी कमी करा म्हणायला. चहा आला. मामा म्हणाले, मजुरी कमी करतो की, पण तीन माग तुझ्यासाठी राखून ठेवलेत, त्याचा स्थिर आकार दे महिन्याला.

व्यापाऱ्यानं विचारलं, कसला आकार?

मामानं माझ्याकडं बोट केलं, "ह्याला विचार, एनटीपीसीला मिळतोय."

त्यानं चहा संपवला, बघतो म्हणाला, आणि गाडीला किक मारली.